आरव म्हणजे शांत? मुलग्यांच्या नावांचे खरे अर्थ

निळी शाई

गेल्या महिन्यात माझ्या बहिणीला मुलगा झाला. नाव आधीपासून ठरलेलं होतं: आरव. सातव्या महिन्यात तिने मोबाइलवर नावांची एक यादी चाळली होती. तिथे लिहिलं होतं, 'आरव: शांत, सौम्य'. तो अर्थ तिला इतका भावला की पुढे दुसरं नाव तिने पाहिलंच नाही.

मला शब्दाचं मूळ शोधायची सवय आहे. परवा सहज संस्कृत कोश उघडला आणि थबकले. आरव: आवाज, ओरडा, गर्जना. 'रव' तर आपल्या ओळखीचाच शब्द आहे. पाखरांचा कलरव, भुंग्यांचा गुंजारव. शांत असतो तो नीरव, ज्यात रव नाही असा. यादी करणाऱ्याने नेमका उलटा अर्थ लिहिलाय, आणि तो एका यादीतून दुसरीत उतरत गेलाय. बहिणीला अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, हेच कळत नाही.

मग ती यादी तासभर वाचत बसले. 'आर्यन' संस्कृत म्हणून दिलंय. संस्कृतात शब्द आहे 'आर्य'. शेवटचा 'न' इंग्रजी विशेषणातून चिकटून परत आलाय. 'समीर'पुढे फक्त 'वारा' आहे. संस्कृतात तो वारा खराच, पण अरबीत समीर हे वेगळंच, स्वतंत्र नाव आहे. रात्री गप्पांना सोबत करणारा तो समीर. 'कियान'पुढे काहीतरी गोड लिहिलंय, मूळ भाषेचा पत्ता नाही. फारसीत कियान म्हणजे जुने राजे, 'कय' या पदवीचं अनेकवचन. आयर्लंडमध्ये जवळपास त्याच उच्चाराचं किअन आहे, त्याचा अर्थ पुरातन. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

म्हणून हा धागा. मुलग्यांची नावं, कुठल्याही देशातली, कुठल्याही धर्मातली. ज्याची खात्री आहे तेवढंच लिहा. मूळ भाषा सांगा, शब्दाची फोड सांगा. 'देवाचा लाडका' छापाचे अर्थ नकोत.

कोशवाचक

फार गरजेचा धागा. मी इराणी नावांपासून सुरुवात करतो, कारण संस्कृत थोडं येत असेल तर ती नावं दार ढकलल्यासारखी उघडतात. अवेस्ता म्हणजे पारशांचा धर्मग्रंथ. अवेस्तेची भाषा आणि वैदिक संस्कृत या सख्ख्या बहिणी. आपल्या 'स'चा तिकडे बहुतेक ठिकाणी 'ह' होतो, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

दारा, म्हणजे ग्रीकांचा डारियस. जुन्या फारसीत तो दारयवहु. 'दारय' म्हणजे धारण करणारा, 'वहु' म्हणजे वसु. जे चांगलं ते धरून ठेवणारा.

खुस्रो. अवेस्तेत हओस्रवह, संस्कृतात अक्षर अन् अक्षर सुश्रवस्. ज्याची कीर्ती चांगली तो.

बहराम. हे ऐकून आपलं काही असेल असं वाटतही नाही. पण मागे जाऊन पाहा: अवेस्तेत वेरेथ्रघ्न, आपल्याकडे वृत्रघ्न. इंद्राचं बिरुद. झिजत झिजत बहराम झालं.

अर्दशीर, ग्रीकांचा आर्टाझर्क्सीस. ऋत म्हणजे सत्य, नियम, अधिक क्षत्र म्हणजे सत्ता. ऋताने चालणारं राज्य ज्याचं तो. बहमन म्हणजे 'वोहु मनह', वसु आणि मनस्, चांगलं मन. जमशेदमधला 'जम' हा आपला यम. मेहेरदाद म्हणजे मित्रदत्त, इथे मित्र ही देवता.

यातलं माझं सर्वांत आवडतं नाव मिहिर. संस्कृत कोशात आहे, अर्थ सूर्य. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या नावात आहे. पण शब्द मुळात इराणातून आलेला. वैदिक मित्र, त्याचा तिकडचा जुळा मिथ्र. मिथ्रचं झिजून मिह्र झालं आणि ते मिहिर होऊन संस्कृतात शिरलं. एकाच घरातली दोन भावंडं, एक घरी राहिलं, एक परदेशी वाढून वेगळ्या नावाने परत आलं. आज एका वर्गात मित्र नावाचा मुलगा असेल आणि दुसरा मिहिर असेल, तर दोघांचं नाव एकच आहे.

पानगळ

मिहिरबद्दल वाचून अंगावर काटा आला. माझ्या मुलाचं नाव मिहिर आहे. त्याला आत्ता उठवून सांगावंसं वाटतंय.

वाटसरू

सिकंदर आणि अलेक्झांडर एकच हे माहीत आहे. पण 'अले' गेलं कुठे? आणि सिकंदर म्हणजे विजेता ना?

कोशवाचक

विजेता हा अर्थ त्या माणसाच्या पराक्रमाने आला, शब्दात तो नाही. ग्रीक अलेक्झांद्रोस: 'अलेक्सेइन' म्हणजे रक्षण करणं, 'अनेर, आंद्रोस' म्हणजे पुरुष. माणसांचं रक्षण करणारा. आणि हा 'अनेर' म्हणजे आपला नर. अँड्र्यू, आंद्रेई, आंद्रे ही सगळी त्याच 'नर'ची नावं. रोमचा सम्राट नीरो, त्याच्या घराण्याचं नावही इटलीतल्या सबाइन लोकांच्या बोलीतून आलं, अर्थ बलवान, आणि त्याच्याही मुळाशी हाच 'नर'.

आता 'अल'. अरबीत नामाआधी 'अल' लागतो, इंग्रजीतल्या 'द'सारखा. अलेक्झांडर अरबी कानांवर पडला तेव्हा पुढचा 'अल' हा तसलाच 'अल' असणार असं वाटलं. तो सुटा केला, 'क्स'ची उलटापालट होऊन 'स्क' झालं, आणि उरला इस्कंदर. तो फारसीतून पुढे आला तो सिकंदर. पूर्वेकडच्या सगळ्या सिकंदरांमागे ही एवढीशी ऐकण्यातली गल्लत आहे.

हे नाव त्या मॅसिडोनियाच्या राजाहून पुष्कळ जुनं आहे. इसवी सनापूर्वी १२८०च्या सुमाराचा, आजच्या तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या हित्ती लोकांचा एक करार मिळालाय, तो विलुसा नावाच्या राज्याच्या अलक्सांदू या राजाशी झालेला. म्हणजे सिकंदराच्या जवळजवळ हजार वर्षं आधी. विलुसा म्हणजे ट्रॉय असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि ट्रॉयच्या कथेतल्या पॅरिस या राजपुत्राचं दुसरं नाव अलेक्झांद्रोस हेच आहे.

हंगेरीत हा शांडोर होतो, स्कॉटलंडमध्ये अ‍ॅलिस्टर, रशियात लाडाने साशा.

समुद्रपक्षी

मी व्यापारी जहाजावर असतो. एक प्रसंग सांगतो, धाग्याच्या विषयाचाच आहे.

काही वर्षांपूर्वी एका जहाजावर खलाशांची यादी माझ्याकडे होती. सुरक्षा कवायतीच्या आधी नावं पुकारायची. इव्हान युक्रेनचा, यान पोलंडचा, हुआन फिलिपिन्सचा, आणि इंजिनवरचा यानिस ग्रीसचा. चौघं चार टोकांची माणसं. कवायत झाल्यावर ग्रीक यानिस माझ्याजवळ आला, यादीवर बोट ठेवत गेला आणि म्हणाला, "हा मी, हा मी, हा पण मी." मला काहीच समजेना. मग त्याने डेकवर खडूने मूळ नाव लिहून दाखवलं, योआनिस, आणि त्यातून एकेक फांदी काढत गेला. कवायत संपून सगळे पांगले होते, आम्ही पाचजण मात्र उकिडवे बसून ते झाड बघत होतो. हुआनने त्यात स्वतःच्या हाताने एक फांदी जोडली, त्याच्या आजोबांचं नाव, हुआनितो. दुसऱ्या दिवशी डेक धुतला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

नंतर मी वाचत गेलो. मूळ हिब्रू योहानान: 'यो' हे यहोवाचं संक्षिप्त रूप, 'हानान' म्हणजे कृपा केली. यहोवाने कृपा केली. त्याचे जॉन, जाँ, जोआव, जोव्हानी, योहान, हान्स, येन्स, वेल्समध्ये एव्हन, स्कॉटलंडमध्ये इयन, आयर्लंडमध्ये शॉन, हंगेरीत यानोश, आर्मेनियात होव्हानेस. अरबी कुराणातला याह्या तो हाच.

आणि आता ऐका. रोमला हादरवणारा कार्थेजचा हॅनिबल. त्याची भाषा फिनिशियन, हिब्रूची जवळची नातलग. हॅनिबल म्हणजे 'हन्न' अधिक बाल, बाल या देवाची कृपा. तोच धातू, तेच मागणं, देव तेवढा वेगळा. जॉन आणि हॅनिबल हे एकाच अर्थाचे आहेत हे मला कळलं तेव्हा मी वॉचवर होतो, रात्रीचे दोन वाजले होते, आणि सांगायला कोणी नव्हतं. आज सांगितलं.

निळी शाई

समुद्रपक्षी, तुमचं खडूचं झाड डोळ्यांपुढे उभं राहिलं. असंच लिहा, अजून लिहा.

टाकसाळ

'देवाने दिलेला' या एका अर्थाची नावं मी बरीच वर्षं वहीत लिहून ठेवतोय. ग्रीक थिओडोर, त्याचाच रशियात फ्योदोर आणि इथिओपियात टेवोद्रोस. हिब्रूत नॅथॅनिएल, जोनाथन आणि मॅथ्यू, तिन्हींत तोच 'देणं'चा धातू. फ्रेंच द्यूदोने. अरबी अताउल्ला, हिबतुल्ला. फारसी खुदादाद. ग्रीकांनी इजिप्तच्या देवीचंसुद्धा दान मानलं: इसिडोर म्हणजे इसिसने दिलेला. आणि आपला देवदत्त. संस्कृत व्याकरणात उदाहरणाला माणूस लागला की देवदत्तच भात शिजवतो आणि देवदत्तच गावाला जातो, इतकं ते सर्रास होतं.

पण या वहीतलं माझं सोनं म्हणजे बोगदान. पोलंड, रुमेनिया, सर्बिया, सगळीकडे आहे. स्लाव्ह भाषांत 'बोग' म्हणजे देव. जुन्या इराणीत 'बग', संस्कृतात भग, ज्याच्यावरून भगवान. 'दान'मधला धातू आपलाच 'दा'. म्हणजे बोगदानचं संस्कृत होतं भगदत्त. आणि भगदत्त हा महाभारतात प्रत्यक्ष आहे, प्राग्ज्योतिषाचा राजा, हत्तीवरून लढणारा. बगदाद शहराचं नावही याच दोन शब्दांनी लावतात.

वाटसरू

व्लादिमीर म्हणजे जगाचा स्वामी. हेही स्लाव्हच. बरोबर?

टाकसाळ

पहिला भाग बरोबर. 'व्लाद' म्हणजे सत्ता. दुसरा भाग मुळात 'मेर' होता, त्याचा अर्थ थोर, नामांकित. पुढे उच्चार 'मीर'कडे सरकला. रशियनमध्ये 'मीर' म्हणजे शांतताही आणि जगही, म्हणून लोकांनी नवा अर्थ लावून घेतला. मूळ अर्थ सत्तेने थोर असा.

अर्थ असा मागाहून बदलतो, याला जुना दाखला आहे. मोझेस, अरबीत मूसा. बायबलच्या निर्गम पुस्तकात राजकन्या म्हणते, मी याला पाण्यातून काढलं म्हणून मोशे. हिब्रूत 'माशा' म्हणजे बाहेर काढणं. पण राजकन्या तर इजिप्तची. तिच्या भाषेत 'मोसे' म्हणजे जन्मलेला, पुत्र. थुतमोसे म्हणजे थोथ देवापासून जन्मलेला. रामसेस या नावातही तोच शब्द, रा देवाने जन्म दिलेला. मोझेस हे त्यातलं देवाचं नाव गळून उरलेलं 'पुत्र' असावं, असंच बहुतेक अभ्यासक मानतात.

पिंपळपान

सगळं वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. पण एक गोष्ट मनापासून मांडते. तुम्ही सगळे शब्दाचा अर्थ शोधताय. नाव ठेवणाऱ्या माणसाच्या मनात त्या घटकेला काय होतं, तोही अर्थच आहे, आणि तो कोशात मिळत नाही.

बायबलमध्ये राहेल बाळंतपणात जाते. प्राण जाता जाता मुलाचं नाव ठेवते बेनोनी, माझ्या दुःखाचा पुत्र. बाप ते नाव राहू देत नाही. तो म्हणतो, बेन्यामीन. उजव्या हाताचा पुत्र. आज जगभर जे बेंजामिन आहेत त्यांच्या नावाखाली ते पहिलं नाव पुरलेलं आहे. आईचं शेवटचं बोलणं बापाने का पुसलं असेल? मला वाटतं, मुलाने जन्मभर आईच्या मरणाचं ओझं नावात वागवू नये म्हणून.

सर्बियन भाषेचा कोशकार वूक कराजिच, जन्म १७८७. वूक म्हणजे लांडगा, आपल्या वृकाचाच भाऊबंद. वृकोदर भीमातला वृक. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे मुलाचं नाव वूक ठेवतात, चेटकिणी लांडग्याला खायला धजत नाहीत म्हणून, असं त्याने स्वतःच आपल्या कोशात नोंदवलंय. त्याच्याआधीची भावंडं गेली होती.

मंगोलियात नेरगुई असं नाव असतं. अर्थ: नाव नाही. एनेबिश म्हणजे हा नव्हे. तेरबिश म्हणजे तो नव्हे. मुलाला न्यायला काही वाईट आलंच, तर त्याला इथे कोणी सापडू नये. तुर्कीत दुर्सुन म्हणजे राहू दे, थांबू दे. याशार म्हणजे जगतो. हिब्रूत हायीम म्हणजे जीवन. माझ्या पणजोबांचं नाव दगडू होतं. त्यांच्या आधीची तीन गेलेली.

यातला कुठलाच शब्द सुंदर नाही. पण दुर्सुन हे नाव ज्या बाईने ठेवलं असेल तिच्याइतकं कळवळून नाव कोणी ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

कोशवाचक

पिंपळपान, मान्य. पूर्ण मान्य. तरीही दोन्ही ठेवू या. बेनोनीचा अर्थ ठाऊक असतो म्हणून बेंजामिन कळतो. शब्द चुकीचा कळला तर गोष्टही हातून जाते.

तुमच्या दगडूवरून आठवलं. पीटर, पेद्रो, पिएर, प्योत्र, बुत्रुस, या सगळ्यांचा अर्थ दगड. येशूने सायमनला अरामाईक भाषेत नाव दिलं केफा, म्हणजे खडक, ग्रीकांनी त्याचं भाषांतर केलं पेत्रोस. फ्रेंचमध्ये तर 'पिएर' हा दगडासाठी रोजचा शब्द आहे. एकीकडे दृष्ट लागू नये म्हणून दगड, एकीकडे ज्याच्यावर उभारायचं तो दगड. तुमचे पणजोबा आणि पीटर एका अर्थाचे.

उंबरठा

नवीन सभासद आहे, पहिलाच प्रतिसाद. मी पश्चिम आफ्रिकेत आठ वर्षं शिकवत होते.

घानातल्या आकान लोकांत वाराचं नाव मुलाला असतंच, बाकी काहीही ठेवा. सोमवारचा कोजो, मंगळवारचा क्वाबेना, बुधवारचा क्वाकू, गुरुवारचा याव, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वासी. कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ला जन्मले, तो शुक्रवार होता. त्यांचं मधलं नाव आत्ता, म्हणजे जुळ्यातला. नुसत्या नावावरून जन्मवारही कळला आणि जुळेपणही.

वर्गात मी हजेरी घ्यायचे तेव्हा तीन कोफी एकदम हात वर करायचे. आपण एकाच वाराचे आहोत याचं त्यांना खरं अप्रूप असायचं, भाऊ असल्यासारखे वागायचे.

हीच नावं गुलामांच्या जहाजांतून अटलांटिकपार गेली. माणसांचं सगळं काढून घेतलं, पण वार उरला. जमैकात इंग्रजांशी झुंजून १७३९ साली त्यांना तह करायला लावणारा पुढारी कजो, तो म्हणजे कोजो. सोमवारी जन्मलेला मुलगा.

नायजेरियातल्या योरुबांमध्ये जुळ्यांची नावं ठरलेली असतात. आधी येतो तो तायवो, म्हणजे जगाची चव घेणारा. नंतरचा केहिंदे, मागून आलेला. आणि मोठा मानतात तो केहिंदे! त्याने धाकट्याला पुढे पाठवलं, जा, जग कसं आहे पाहून ये. बाबातुंदे म्हणजे बाबा परत आले. आजोबा गेल्यावर घरात मुलगा झाला की हे नाव.

निळी शाई

उंबरठा, स्वागत! पहिलाच प्रतिसाद आणि असा. भाचा शुक्रवारचा आहे, म्हणजे कोफी.

समुद्रपक्षी

वारावरून क्रम आठवला. जपानमध्ये तारो म्हणजे थोरला मुलगा, जिरो दुसरा, साबुरो तिसरा. बाली बेटावर वायान, मादे, न्योमान, केतुत, पाचव्याला पुन्हा वायान, तिथे मुलगा मुलगी दोघांना तीच. रोमनांचे क्विंटस पाचवा, सेक्स्टस सहावा, डेसिमस दहावा. चीनमध्ये एका पिढीच्या सख्ख्या चुलत भावांच्या नावात एक अक्षर सारखं ठेवायची रीत होती. माओ झेडाँगचे भाऊ झेमिन आणि झेतान. मधलं 'झे' ही पिढीची खूण.

अलिफ बे

अरबी नावांबद्दल कोणी तरी लिहील म्हणून वाट पाहिली. अरबी नाव समजायचं तर तीन व्यंजनं पकडायची. ह-म-द म्हणजे स्तुती: मुहम्मद, अहमद, महमूद, हमीद, हामिद, सगळे एका मुळाचे. स-ल-म म्हणजे शांती, सुखरूपपणा: सलीम, सलमान, सालेम. हिब्रूत हेच शालोम, म्हणून सॉलोमन आणि सुलेमान.

निळी शाई, तुमच्या बहिणीला 'शांत' या अर्थाचं नाव हवं असतं तर ते हे होतं.

ब-र-क म्हणजे आशीर्वाद. मुबारक, आणि बराक ओबामांचा बराक. हिब्रूत त्याचंच बारूख. तत्त्वज्ञ स्पिनोझा घरात बेंतो, यहुदी समाजात बारूख आणि लॅटिनमध्ये बेनेडिक्टस. तिन्ही भाषांत तो 'आशीर्वाद लाभलेला'च राहिला. समाजाने त्याला १६५६ साली बहिष्कृत केलं, तरी नावाचा अर्थ त्याने बदलला नाही, फक्त भाषा बदलली.

हुसैन हे हसनचं लाडिक, लहानपणदर्शक रूप. थोरला हसन, धाकटा हुसैन. तारिक म्हणजे रात्री दार ठोठावणारा, त्यावरून रात्री उगवणारा तारा. इसवी सन ७११मध्ये तारिक इब्न झियाद समुद्र ओलांडून स्पेनच्या किनाऱ्याला ज्या डोंगरापाशी उतरला तो जबल तारिक, तारिकचा डोंगर. आज त्याला जिब्राल्टर म्हणतात.

आणि सिंहासाठी अरबीत जितकी नावं आहेत तितकी क्वचितच कुठल्या भाषेत असतील: असद, हैदर, लैस, उसामा, गझनफर, अब्बास.

टाकसाळ

सिंहाला घोड्याने उत्तर देतो. ग्रीक फिलिप म्हणजे घोड्यांवर प्रेम करणारा. फिलिपिन्स देशाला नाव मिळालं ते स्पेनच्या दुसऱ्या फिलिपवरून. हिप्पार्कस, हिप्पोक्रेटिस, सगळे 'हिप्पोस'वाले. इराणात 'अस्प': तहमास्प, जामास्प, गुश्तास्प. आपल्याकडे अश्वपती, युवनाश्व, हर्यश्व. तीन समाजांत घोडा नसेल तर नाव पूर्ण होत नव्हतं. झरथुश्त्रच्या नावात मात्र घोडा नाही, त्यात 'उश्त्र' आहे, आपला उष्ट्र, उंट.

कीर्तीचं तसंच. ग्रीक 'क्लेओस', स्लाव्ह 'स्लाव', संस्कृत श्रवस्, मूळ एक. हेराक्लीस, पेरिक्लीस, यारोस्लाव, मिरोस्लाव आणि मघाचा सुश्रवस्. जर्मन लुडविगमधला 'लुड' म्हणजे आपला श्रुत, ज्याच्याबद्दल ऐकलंय तो. लुडविगचाच फ्रेंचमध्ये लुई झाला.

वाटसरू

एक शंका. आता यादीतला अर्थ खरा की खोटा हे आमच्यासारख्याने ओळखायचं कसं?

कोशवाचक

मूळ भाषा दिलेली नसेल तर विश्वास ठेवू नका. भाषा दिलेली असेल तर शब्द तोडून बघा: उपसर्ग कोणता, धातू कोणता. अर्थ फारच गुळगुळीत असेल, 'सूर्याचा पहिला किरण', 'विष्णूचा अंश', आणि शब्दात ना सूर्य ना विष्णू, तर थांबा. शेवटी 'अंश' लागलाय म्हणून पुढचं काहीही संस्कृत होत नाही. न आणि ण बघा, अर्णव म्हणजे समुद्र, तो 'न'ने लिहिला तर कोशात सापडणार नाही. एवढं केलं तरी निम्मा कचरा गळतो.

निळी शाई

काल बहिणीला सांगितलं.

फोनवर बोलवेना, म्हणून घरी गेले. तो पाळण्यात झोपला होता. मी कोशातलं पान मोबाइलवर काढून तिच्यापुढे धरलं. तिने वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येणार. बराच वेळ काही बोलली नाही.

मग तिने मला जे सांगितलं ते तिने कोणालाच सांगितलेलं नव्हतं. तो जन्मला तेव्हा रडला नाही. किती वेळ, तिला माहीत नाही. खोलीत माणसं भराभर हालचाल करत होती आणि कोणी बोलत नव्हतं. ती छताकडे बघत होती आणि फक्त कान लावून होती. "आणि मग तो ओरडला," ती म्हणाली. "ताई, मला तेवढंच ऐकायचं होतं गं."

नाव आरवच राहतंय. यादीतला अर्थ तिने खोडला.

पिंपळपान

काय लिहू. त्याला खूप खूप आशीर्वाद.

अलिफ बे

मघाशी मी लिहिलं की 'शांत' हवं असेल तर सलीम. मागे घेतो. त्याचं नाव अगदी योग्य आहे.

कोशवाचक

निळी शाई, तुमचा प्रतिसाद वाचून शतपथ ब्राह्मणातली एक कथा काढून पुन्हा वाचली. सहाव्या कांडात आहे. बाळाला वाचून दाखवा.

एक कुमार जन्मला आणि रडू लागला. प्रजापतीने विचारलं, कुमारा, का रडतोस? तो म्हणाला, मला नाव नाही, म्हणून माझ्यावरचं वाईट गेलेलं नाही. मला नाव दे. तिथे ग्रंथकार मध्येच सांगतो की म्हणूनच मुलगा जन्मला की त्याला नाव द्यावं, त्याने त्याच्यावरचं वाईट निघून जातं. दुसरं नावही द्यावं, तिसरंही द्यावं.

प्रजापती म्हणाला, तू रुद्र. तो रडला म्हणून रुद्र. 'रुद्' म्हणजे रडणं.

कुमार म्हणाला, मी याहून मोठा आहे. आणखी दे. मग सर्व. आणखी दे. पशुपती. आणखी. उग्र, अशनी, भव, महान देव. दर वेळी तेच मागणं, दर वेळी नवं नाव. आठवं ईशान. तेव्हा तो म्हणाला, आता एवढा मी आहे. आता नको.